हत्यारपेटी : हॉकीचं पातं, मे महिन्यातला कोयता आणि झेल्याची काठी

प्रश्न : सर, नमस्कार. माझा मुलगा तेरा वर्षांचा आहे. दोन वर्षं तो इनलाइन हॉकी खेळतो, म्हणजे चाकांचे बूट घालून सिमेंटच्या कोर्टावर. त्याच्या काठीचा दांडा अॅल्युमिनियमचा, आतून पोकळ आहे आणि खालचं पातं वेगळं आहे. झिजलं की तेवढं बदलायचं. जुनं पातं पार झिजलं म्हणून नवीन मागवलं. घरच्या ग्लू गनने पात्याच्या शेपटीला, म्हणजे दांड्यात शिरणाऱ्या टोकाला, भरपूर ग्लू लावला आणि पातं दांड्यात दाबून बसवलं. दोन दिवस ठीक गेले. तिसऱ्या दिवशी खडखडायला लागलं आणि रविवारी जोरात फटका मारताना पातंच सुटून गोलरक्षकाच्या पॅडवर आदळलं. कुणाला लागलं नाही, पण मुलगा तेव्हापासून जोरात मारायला घाबरतो. दुकानदार म्हणतात, इपॉक्सी (कायमचा दगडासारखा घट्ट होणारा गोंद) लावून कायमचं बसवून टाका. तसं करू का? – एक आई, रत्नागिरी

उत्तर : ताई, इपॉक्सी लावू नका. तुमचं पत्र वाचून मी फोन केला आणि दुसऱ्याच रविवारी तुम्ही काठी आणि मुलगा, दोघांना घेऊन रेल्वेने कुडाळला आलात, हे फार चांगलं केलंत. तुम्ही येईपर्यंत माझाही अंदाज चुकीचा होता. मला वाटलं होतं पातं चुकीच्या मापाचं आलं असेल. ते तसं नव्हतं. त्या दुपारी माझ्या पडवीत जे पाहिलं ते इथे सगळं लिहितो, कारण हॉकी न खेळणाऱ्यालाही ते उपयोगी पडेल. कोयता, वाकस (लाकूड तासायचं हत्यार), पावडा, झेला (आंबे उतरवायची काठीवरची जाळी), सगळ्यांचं दुखणं एकच असतं.

आधी जे मला वाटलं होतं त्याविषयी. या काठ्यांचे दांडे दोन तऱ्हेचे येतात. एक वरपासून खालपर्यंत सारख्या जाडीचा, त्याला स्टँडर्ड म्हणतात. दुसरा खाली निमुळता होत गेलेला, तो टेपर्ड. पात्याच्या शेपट्याही त्याप्रमाणे दोन तऱ्हेच्या. स्टँडर्ड शेपटी जाड असते, ती टेपर्ड दांड्यात शिरतच नाही, त्यामुळे ती चूक लगेच कळते. उलटी चूक मात्र फसवी आहे. बारीक शेपटी मोठ्या दांड्यात आरामात जाते, चहूबाजूंनी ग्लू भरतो, दिसायला सगळं छान दिसतं आणि चार फटक्यांत निघतं. म्हणून पातं मागवताना दांडा कुठला ते आधी पाहायचं. आणि पात्याचा बाक डाव्या हाताचा की उजव्या हाताचा तेही पाहायचं. दांड्याचं तोंड चौकोनी असल्याने एकदा बसलेलं पातं हवं तसं फिरवता येत नाही.

तुमचा दांडा स्टँडर्ड होता आणि पातंही स्टँडर्डच. मग बिघडलं कुठे?

मी दांड्याच्या तोंडात टॉर्च मारला. साधारण दीड इंच आत, एका कोपऱ्याला, मधाच्या रंगाचा एक गोळा चिकटलेला होता. जुन्या पात्याचा ग्लू. मुलाला म्हटलं, तूच बघ. त्याने एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाला, "आजोबा, आत डिंक आहे झाडाचा." दिसत तसाच होता. मग मी शेपटीला चारही बाजूंनी खडू घासला, ग्लूशिवाय पातं आत दाबलं आणि बाहेर काढलं. खडू फक्त दोन ठिकाणी पुसला गेला होता. एक, शेपटीच्या टोकाचा एक कोपरा, जो त्या गोळ्यावर आपटत होता. दुसरी, तोंडाजवळची एक कड. मधली सगळी शेपटी पांढरीच्या पांढरी. म्हणजे अख्खं पातं दोन टिंबांवर उभं होतं आणि बाकी पोकळीत ग्लू. शिवाय गोळ्यामुळे शेपटी पूर्ण आत जात नव्हती. पात्याचा खांदा, म्हणजे शेपटी जिथे संपते ती कड, आणि दांड्याचं तोंड यांच्यामध्ये नखाएवढी फट राहत होती. फटका बसला की पातं त्या फटीत डुलायचं, आणि एकदा डुलायला लागलं की कुठलाही ग्लू टिकत नाही.

दुसरी गोष्ट ग्लूची. ग्लू गनचा ग्लू गरम असतानाच पसरून चिकटतो. अॅल्युमिनियम हा उष्णता पटकन ओढून घेणारा धातू. गरम ग्लू लावलेली शेपटी तुम्ही थंड दांड्यात घातलीत, तेव्हा ग्लू भिंतीला लागल्या क्षणी गोठला. पसरला नाही, चिकटला नाही, नुसता टेकला. पातं बाहेर आलं तेव्हा त्याच्यावरचा ग्लू दांड्याच्या आकाराचा, गुळगुळीत साच्यातून काढल्यासारखा निघाला होता. बोट फिरवून तुम्हीही पाहिलंत. जिथे तो खरा चिकटतो तिथे सुटताना फाटतो, खरबरीत होतो.

माझे वडील देवगडला होड्यांचं काम करायचे. कोयत्याला, सुरीला मूठ बसवायची तर ते लाख वापरायचे. लाख म्हणजे आमचा जुना ग्लू गनच. तापली की वाहते, निवली की दगड, पुन्हा तापवली की पुन्हा सुटते. सावंतवाडीला लाकडी खेळण्यांवर, रंगीत कामावर लाख चढवतात तीही याच गुणावर. पण लाख पातळ करायच्या आधी वडील पात्याची शेपटी मुठीत कोरडीच घालून बघायचे. हलली तर लाखेचं भांडं चुलीवरून उतरवायचे. म्हणायचे, "आदी लाकूड बसाक व्हया, मगे लाख." आयटीआयमध्ये सुतारकाम शिकवताना एकतीस वर्षं मी पोरांना हेच सांगत आलो. पकड बैठकीची असते. लाख, ग्लू, पाचर ही राहिलेली जागा भरण्यासाठी.

आता आपण काय केलं ते क्रमाने सांगतो, म्हणजे पुढचं पातं तुम्ही घरीच बसवाल.

दांड्याचं खालचं टोक, साधारण चार बोटं लांबीचं, हेअर ड्रायरने सगळीकडून फिरवत तापवलं. अॅल्युमिनियम असल्यामुळे पाच मिनिटांत हात लावेनासं झालं. तुमच्याकडे हीट गन असेल तर लवकर होतं, पण ती एका जागी धरू नका. गॅसच्या शेगडीवर दांडा कधीही धरायचा नाही. अॅल्युमिनियम एक वेळ सोसेल, पण पुढे मुलाने कार्बनचा दांडा घेतला तर त्यातले धागे ज्या रेझिनने बांधलेले असतात तेच जास्त उष्णतेने खराब होतं. बाहेरून काही दिसत नाही आणि आतून दांडा मेलेला असतो. कार्बनला ड्रायर, तोही बेताने, आणि थोडा जास्त वेळ.

ग्लू मऊ झाल्यावर छत्रीच्या जुन्या काडीचं टोक वाकवून तो गोळा ओढून काढला. मग एका बारीक काडीवर ऐंशी नंबरचा पॉलिश पेपर गुंडाळून आतल्या भिंती घासल्या. तेव्हा पांढरी भुकटी पडली, आठवतं? ती ग्लूची नव्हती. आपल्याकडच्या खाऱ्या हवेत अॅल्युमिनियमवर येणारा तो गंज आहे, लोखंडासारखा लाल नसतो, पांढरा असतो. ग्लू त्या भुकटीला चिकटतो आणि भुकटी निघाली की ग्लूही निघतो. किनाऱ्यावर राहणाऱ्याने ही भुकटी दर वेळी काढायची. समुद्रापासून लांब राहणाऱ्याला कोणी हे सांगणार नाही.

मग पुन्हा खडू. या वेळी शेपटी पूर्ण आत गेली, खांदा तोंडाला भिडला, पण रुंद बाजूला थोडी ढिली वाटत होती. अर्धा मिलिमीटरही नसेल, पण काठीच्या त्या टोकाला अर्धा मिलिमीटर म्हणजे पात्याच्या नाकाशी त्याच्या कितीतरी पट हालचाल. मी सागाच्या व्हिनियरची, म्हणजे लाकडाच्या पातळ पापुद्र्याची, एक पट्टी कापली, शेपटीच्या एका रुंद अंगाला चिकटवली आणि वाळल्यावर पेपरने घासत घासत मापात आणली. हे काम घाईचं नाही. घालून बघायचं, काढायचं, खडू कुठे पुसला ते बघायचं, तेवढंच घासायचं. आपण सात वेळा केलं. पाचव्या वेळेपासून मुलगाच करत होता आणि त्याचा हात चांगला आहे, हे मी तुम्हाला मनापासून सांगतो. बरोबर बसलेली शेपटी हाताच्या दाबाने जवळजवळ सगळी जाते आणि शेवटचं बोटभर अंतर अडते. ते अडलेलं बोट महत्त्वाचं आहे. तेवढंही न अडता सरळ आत गेली तर ढिली आहे, आणि अर्ध्यावरच अडली तर घट्ट आहे. घट्ट शेपटी ठोकून घातली की पातळ दांड्याच्या कोपऱ्याला चीर जाते.

मग ग्लू. शेपटीच्या चारही अंगांना पातळ थर, लोण्यासारखा. पोकळी भरायची नाही, कारण पोकळी आता राहिलेलीच नाही. दांड्याचं तोंड पुन्हा तापवलं, शेपटीवरचा ग्लूही ड्रायरने चमकेपर्यंत तापवला आणि एका दमात आत. शेवटचं बोटभर अंतर हातोडीने ठोकायचं नाही. काठी उभी धरायची, पातं वर, मूठ खाली, आणि मुठीचं टोक लाकडी फळीवर दोन-तीनदा आपटायचं. दांडा थांबतो, पातं आपल्या वजनाने खाली उतरत राहतं आणि खांद्यापर्यंत जाऊन बसतं. हातोडीचा किंवा वाकसाचा दांडा बसवताना सुतार हेच करतो. लोखंडावर कधी मारत नाही, दांड्याच्या बुडावर मारतो. तुमच्या मुलाला हे पटेना. तिसऱ्या आपटीला फट डोळ्यांसमोर मिटली तेव्हा तो हसला.

लगेच काठी डोळ्याशी धरून बंदुकीसारखी नेम लावून पाहायची, पातं दांड्याच्या रेषेत आहे की तिरकं. तिरकं असेल तर सरळ करायला अर्ध्या मिनिटाचा अवधी असतो. मग अर्धा तास उभी ठेवायची आणि हात लावायचा नाही. तोंडातून बाहेर आलेला ग्लू कोमट असताना सुरीने कापायचा. सांध्यावर कापडी टेपचे दोन वेढे. हे वेढे ताकदीसाठी नाहीत, धूळ आणि पाणी आत जाऊ नये म्हणून आहेत.

इपॉक्सी का नको, ते आता लक्षात आलं असेल. सिमेंटच्या कोर्टावर पातं झिजणारच. तुमच्या मुलाला वर्षाकाठी दोन-तीन पाती लागतील. इपॉक्सीने बसवलेलं पातं काढायला दांडा इतका तापवावा लागतो की त्यात दांड्याचंच नुकसान. नाहीतर आतलं लाकूड गिरमिटाने कोरून काढावं लागतं. बदलण्यासाठी केलेली वस्तू कायमची करायची नसते. पातं घेताना एबीएस प्लॅस्टिकचा थर दिलेलं लाकडी पातं मिळालं तर ते घ्या. खरबरीत जमिनीवर ते जास्त टिकतं.

आणखी एक, ही माझी कळकळीची विनंती समजा. काठी मे महिन्यात बंद गाडीत किंवा पत्र्याखालच्या खोलीत ठेवू नका. तिथे ग्लू मऊ होतो आणि पातं नकळत अर्धं बोट बाहेर सरकतं. लडाखमध्ये मुलं बर्फावर हाच खेळ खेळतात, तिथे कडाक्याच्या थंडीत ग्लू ठिसूळ होण्याची भीती. आपल्याला उन्हाची. खेळायला उतरण्याआधी रोज एका हाताने दांडा आणि एका हाताने पातं धरून पिळून बघायला मुलाला सांगा. मग बोटाच्या पेराने सांध्यावर टकटक करायची. भरीव "टक्" आला पाहिजे. "खट्‌खट्" असा दुहेरी आवाज आला तर त्या दिवशी ती काठी नको.

हे मी इतकं लांबवून लिहिलं याला कारण आहे. वडील होड्या बांधायचे त्या मांडावर माझ्या थोरल्या भावाच्या हातातल्या वाकसाचं पातं एकदा सुटलं होतं. दांडा त्याच्या हातात राहिला आणि पातं मी बसलो होतो तिथे, माझ्या मांडीपासून वीतभर अंतरावर फळीत रुतलं. मी नऊ वर्षांचा होतो. वडील काही बोलले नाहीत. त्यांनी त्या दिवशी मांडावरचं प्रत्येक हत्यार पाण्याच्या पिंपाशेजारी ओळीने मांडलं आणि काळोख पडेपर्यंत एकेकाचा दांडा काढून पुन्हा बसवला. तुमच्या मुलाला भीती वाटते ती योग्य भीती आहे, ताई. काठी स्वतः बसवली की ती जाईल.

प्रश्न : कोयता मे महिन्यात मुठीतून हलतो. रात्रभर पाण्यात ठेवला की सकाळी घट्ट होतो, पण दोन दिवसांनी पुन्हा ढिला. आमच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात. यात चूक आहे का? – एक बागायतदार, वेंगुर्ला

उत्तर : चूक आहे, आणि ती दर उन्हाळ्यात वाढत जाते. लाकूड पाणी पिऊन फुगतं, पण मुठीच्या तोंडाला लोखंडी कडं असतं, ते फुगू देत नाही. फुगायला जागा नसलेलं लाकूड आतल्या आत चेपतं. वाळलं की पहिल्यापेक्षा लहान होतं. म्हणून दर वेळी ढिलेपणा थोडा जास्त. आपल्याकडे पावसाचे चार महिने हवेतच पाणी असतं, त्या वेळी बसवलेली मूठ उन्हाळ्यात हलणारच. मूठ बसवायची ती वैशाखात, कोरड्या लाकडाची. मग पावसात ती घट्टच होत जाते.

आताच्या कोयत्याचं सांगतो. पातं काढा. शेपटी विस्तवात तांबूस होईपर्यंत तापवा, पात्याच्या धारेला ओलं फडकं गुंडाळून, म्हणजे धारेचं पाणी उतरणार नाही. नवी मूठ घ्या, तिला शेपटीपेक्षा बारीक भोक पाडा आणि तापलेली शेपटी त्यात हळूहळू जाळत उतरवा. धूर होतो, वास येतो, पण लाकूड शेपटीच्या नेमक्या आकाराचं होतं. तसं माप कुठल्याही पटाशीने येत नाही. पूर्ण थंड होऊ द्या, पातं काढून घ्या, जळकी राख झटका, मग लाख किंवा राळ आणि विटेची वस्त्रगाळ पूड एकत्र तापवून भोकात ओता आणि पातं शेवटचं बसवा. विटेची पूड नसेल तर नुसती लाख ठिसूळ राहते.

मुठीला लाकूड कुठलं, हे तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगतो. धामण मिळाली तर दुसरं काही बघू नका. ती लवचीक असते, फटक्याचा हादरा मनगटात येऊ देत नाही. कावडीला आणि कुदळीच्या दांड्याला जुने लोक धामणच घ्यायचे. क्रिकेटच्या बॅटला वेताचा दांडा पाचरीसारखा विलोच्या लाकडात बसवतात, तोही हादऱ्यासाठीच. जुन्या मैदानी हॉकीच्या काठ्यांनाही खाली तुतीचं लाकूड आणि वर वेताची मूठ असायची.

प्रश्न : नूतन झेल्याची कडी बांबूवर फिरते. देठ कापायच्या वेळीच झेला वळतो आणि आंबा हातचा जातो. खिळा मारला तर बांबू फुटला. – वाचक, देवगड

उत्तर : दापोलीच्या कृषी विद्यापीठाने हा झेला केला तो आंबा देठासकट उतरावा, चीक फळावर सांडू नये म्हणून. झेला वळला की देठ पात्याला सरळ लागत नाही, ओरबाडतो, आणि मग सगळा उपयोगच संपतो. त्यामुळे तुमची चिडचिड मला समजते.

तुमचा बांबू पोकळ आहे, आणि तो तुम्ही दोन गाठींच्या मध्ये कापलाय. काठी माणग्याची घ्या. आपल्या सिंधुदुर्गात घरोघरी बेटं आहेत, जवळजवळ भरीव असतो आणि काटेही नसतात. कापताना गाठ टोकापासून दोन बोटांवर राहील असं कापा. झेल्याची कडी त्या गाठीवर दाबून बसली पाहिजे. गाठ थोडी जाड असेल तर कोयत्याने न तासता कानशीने घासून मापात आणा, खडू इथेही चालतो. खिळा नको. गाठीच्या खाली बारीक गिरमिटाने आरपार भोक पाडा, कडीलाही त्याच रेषेत भोक असेल तर त्यातून तांब्याची जाड तार ओवून दोन्हीकडे पिळा. लोखंडी तार एका पावसाळ्यात गंजते.

काठी आता नुसती कापून ठेवू नका. कापल्यावर महिनाभर सावलीत उभी वाळवा, आडवी ठेवली तर बाक येतो. यंदाच्या हंगामाला उशीर झाला असेल तर जुन्याच बांबूच्या तोंडात सागाची खुंटी कोरडी ठोकून, मगच भोक पाडा. खुंटी तोंडात अडून बसेल इतकी जाड हवी, पण बांबू चिरेल इतकी नको. ठोकताना कान बांबूजवळ ठेवा. चिरायच्या आधी तो बारीक करकरतो, तिथे थांबा.